शिडीखालची जागा

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं, की ती जिन्याखालच्या लहान दाराने गॅरेजमध्ये उतरायची, लाल दोरी ओढून मोटार सोडवायची आणि ते रुंद, आडव्या पट्ट्यांचं दार दोन्ही हातांनी कमरेइतकं उचलून सोडून द्यायची. दार अधांतरी थांबायचं. वरही जायचं नाही, खालीही यायचं नाही. दोन श्वास ती त्याच्याकडे बघत उभी राहायची. मग दार खाली घेऊन, मोटार पुन्हा जोडून वर यायची, तोवर पाण्याला उकळी आलेली असायची.

"थांबलं का?" नवरा तोंडातल्या ब्रशसकट विचारायचा.

"थांबलं."

"मग आज जगबुडी नाही."

लोकांना वाटतं, गॅरेजचं दार मोटार उचलते. मोटार नुसती त्याला हाताला धरून नेते. वजन पेलतात त्या दाराच्या वर आडव्या दांड्यावर चढवलेल्या दोन स्प्रिंगा. दार बंद असताना त्या पिळून घट्ट असतात, दार उघडताना पीळ सोडत जातात, आणि त्या सुटत्या पिळाच्या जोरावर सत्तर-ऐंशी किलोचं दार लहान पोरानेही उचलावं इतकं हलकं होतं. काही हजार वेळा हे बिनबोभाट चालतं. मग एक दिवस बंदूक झाडल्यासारखा आवाज होतो, घरातले धावत येतात, छत शाबूत बघून चक्रावतात आणि गाडी काढायला गेल्यावर कळतं, की दार जागचं हलत नाही. तेव्हा तिच्या नवऱ्याला फोन यायचा. त्या भागात त्याला सगळे स्प्रिंगवाला म्हणत, आणि तिला मोजणीबाई.

हे नाव तिला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मिळालं. स्प्रिंग पिळायची म्हणजे तिच्या टोकाच्या लोखंडी टोपीला चार भोकं असतात, त्यातल्या एकात सळई घालून पाव फेरी वर ढकलायची, ती तशीच दाबून धरायची, दुसरी सळई पुढच्या भोकात घालायची, मग पहिली काढायची. नेहमीच्या उंचीच्या दाराला अशा तीस पाव फेऱ्या. एक कमी झाली तर दार जड, एक जास्त झाली तर ते उडू बघणार. एकदा एका बडबड्या गिऱ्हाइकाने नेमक्या सतराव्या फेरीला विचारलं, "काय हो, दिवसाला किती दारं होतात?" आणि उत्तर देण्याच्या नादात नवऱ्याने सळई भोकात पुरती न घालताच दुसरी काढली. सळई फिरून आली ती अंगठ्याचं पेर घेऊन गेली. त्या संध्याकाळी पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत तो म्हणाला, "पिळणाऱ्याने मोजू नये. मोजणारा वेगळाच हवा."

ती म्हणाली, "मी आहे की."

तेव्हापासून बावीस वर्षं ती शिडीखाली उभी राहिली. शिडीच्या डाव्या पायापाशी, सळईच्या वाटेतून हातभर बाजूला. तिचा आवाज फार गोड नव्हता, पण सरळ होता. एक, दोन, तीन. दर दहाला ती एक श्वास थांबायची, म्हणजे त्याला पकड बदलता यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या खांद्याकडे बघून तिनेच ते ओळखलं होतं. ती मोजत असताना गिऱ्हाईक बोललं, तर ती आकडा न सोडता नुसता एक हात वर करायची, आणि भलेभले गप्प बसायचे. नवरा म्हणायचा, "मी कानाने काम करतो. डोकं घरी ठेवून येतो."

ती म्हणायची, "घरीही कुठे दिसत नाही ते."

मग तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तीन महिने शिडी, व्हॅन आणि उभं राहणं, तिन्ही बंद केलं. आणि शिडीखालची तिची जागा नणंदेकडे गेली.

नणंदेला या घरात तिनेच आणलं होतं, हे सांगायला हवं. नवऱ्याची ही धाकटी बहीण कापडाच्या दुकानात बारा वर्षं कापड मोजत होती. तिचा नवरा वारला, पाठोपाठ दुकानही बंद झालं. तेव्हा हिनेच हट्ट धरला, "वन्सं, एकट्या राहू नका, आमच्याकडे या." खिडकीची खोलीही हिनेच रिकामी करून दिली. मन मोठं होतं तिचं, फक्त त्या मनात एक कोपरा असा होता, जिथे तिने दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नसतं. तो कोपरा आहे हे तिला स्वतःलाही तेव्हा कळलं, जेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं बहीणभाऊ हसत हसत घरात शिरले.

"वहिनी, आज ना, त्या बाईंचं मांजर..." नणंद सांगू लागली.

"शिडीवर!" नवरा म्हणाला.

"शिडीवर कसलं दादा, तुझ्या डोक्यावर!"

दोघं पुन्हा हसायला लागली. वाक्य एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं. तिने पायाखालची उशी सारखी केली. "मजा आहे बुवा," ती म्हणाली. "आमच्या वेळी मांजरं नव्हती."

पंधरा दिवसांनी कळलं, की नणंद नुसती शिडीखाली उभी राहत नाही. ती चढते. नवऱ्याचा उजवा खांदा काही महिन्यांपासून धरला होता, म्हणून डावीकडची स्प्रिंग तो पिळायचा आणि उजवीकडची नणंद. कापडाचे तागे उलगडून उलगडून तिची मनगटं घट्ट झाली होती.

"काय हात आहे तिचा!" जेवताना तो सहज म्हणाला. "सळई अशी बसवते, की टक् आवाजसुद्धा येत नाही."

बावीस वर्षांत तिच्या आवाजाबद्दल तो असं काही बोलला होता का, हे ती त्या रात्री आठवत राहिली. बोलला असेल. आठवलं नाही.

हेवा मोठा कष्टाळू असतो, त्याला सुट्टी नसते. सकाळी व्हॅन निघताना ती खिडकीतून बघायची, पुढच्या सीटवर नणंद पट्टा लावतेय. दुपारी व्यायामाच्या बाई येऊन गुडघा तीसदा वाकवायला सांगायच्या. ती मोठ्याने मोजायची, दहाला थांबायची, विसाला थांबायची, आणि बाई म्हणायच्या, "थांबू नका, दम लागला का?" संध्याकाळी नणंद ओट्याशी उभी राहिली, की ही खुर्चीवरून म्हणायची, "राहू द्या हो वन्सं, तुमचे हात दुखत असतील. भांडी मी बसून घासते. मला दुसरं काम तरी काय?" नणंद ओशाळून तिला भांडी द्यायची, आणि ही ती इतकी लखलखीत घासायची, की प्रत्येक ताटात स्वतःचा आंबट चेहरा दिसावा.

एकदा फोन तिने उचलला. पलीकडे कुणी बाई होत्या.

"त्या ताई येतील ना उद्या?"

"कोणत्या ताई?"

"अहो, शिडीवर चढतात त्या. किती छान काम करतात! आपण कोण?"

"मी... घरची."

"बरं बरं, निरोप सांगाल ना?"

तिने निरोप सांगितला. शब्दाला शब्द सांगितला, फक्त 'किती छान काम करतात' एवढं गाळलं. फोनवरच्या निरोपात काटछाट करण्याची तिची ती पहिलीच वेळ, आणि त्यात तिला बरं वाटलं, याचं तिला वाईट वाटलं.

तीन महिने संपले. डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, म्हणाले, आता करा काय हवं ते. घरी येऊन तिने जाहीर केलं, "उद्यापासून मी येते कामाला."

नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "कशाला त्रास घेतेस? आमचं चाललंय की."

आमचं. तिला त्या एका शब्दाने रात्रभर डोळा लागू दिला नाही. सकाळी दोघं निघायच्या आधीच ती व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. सीट नणंदेच्या बुटक्या पायांसाठी पुढे ओढलेली होती, त्यामुळे नवा गुडघा समोरच्या खणावर आपटला. तिने ओठ घट्ट मिटले.

"एका दाराला तीन माणसं!" नवरा म्हणाला. "लोकांना वाटेल घर फोडायला आलेत."

"मग मागच्या दाराने उतरवा मला," ती म्हणाली.

नणंद मागे अवजारांच्या पेटीवर बसली आणि वाटभर म्हणत राहिली, "वहिनी, पाय लांब करा, मला आहे जागा."

काम एका निवृत्त मास्तरांकडे होतं. मास्तर गॅरेजमध्ये हातात टॉर्च घेऊन उभेच होते, प्रश्नपत्रिका वाटायला उभं राहावं तसे. दोन स्प्रिंगांपैकी डावीचे मधोमध दोन तुकडे झाले होते, मध्ये दोन बोटांची फट पडली होती.

"एकच तुटलीय," मास्तर म्हणाले. "एकच बदला. उजवीने काय गुन्हा केलाय?"

नवरा तोंड उघडणार, तोच ती पुढे झाली. "मास्तर, दोघी एकाच दिवशी बसल्या होत्या ना? जितकं हिने उचललं तितकंच तिनेही. एक दमली म्हणजे दुसरीही दमलेलीच, फक्त बोलली नाही. आज नवीबरोबर जुनी जुंपलीत, तर सहा महिन्यांत परत फोन कराल, आणि तेव्हा दार अर्ध्यात असताना तुटली, तर खाली गाडी असेल नाहीतर तुम्ही."

मास्तरांनी टॉर्च बंद केला. "दोन्ही बदला."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो हसत होता. ते हसू तिने जपून आत ठेवलं.

जुन्या स्प्रिंगा उतरल्या. नव्या दांड्यावर चढल्या, लाल टोपीची डावीकडे, काळ्या टोपीची उजवीकडे, कारण दोघींचा पीळ एकमेकींच्या उलट. दार वर येऊ नये म्हणून नवऱ्याने ते ज्यावरून सरकतं त्या रुळाला पकड लावली. आणि मग नणंदेने खिशातून खडू काढून दोन्ही स्प्रिंगांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक सरळ पांढरी रेघ ओढली.

"हे काय?" तिने विचारलं.

"रेघ, वहिनी. एक फेरी पिळली, की रेघेचा एक वेढा पडतो. साडेसात वेढे झाले म्हणजे तीस पाव फेऱ्या. मोजायची गरजच नाही, नुसतं बघायचं."

तिने त्या रेघेकडे बघितलं. दहा पैशांची वस्तू. बावीस वर्षं ती जे करत होती, ते एक खडू करत होता, तेही न बोलता.

"तुम्हाला माहीत होतं हे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"रेघेचं? ते सगळ्यांनाच माहीत असतं," तो शिडी चढता चढता म्हणाला. "चल, मोज."

तिने मोजलं. डावी स्प्रिंग त्याने पिळली, तिच्या आवाजावर. दहाला श्वास, विसाला श्वास, तीस. मग त्याने टोपी दांड्यावर घट्ट धरून ठेवणारे स्क्रू आवळले, खांदा चोळत खाली उतरला आणि जुन्या स्प्रिंगा उचलून मास्तरांबरोबर व्हॅनकडे गेला. मास्तरांना त्या तुटक्या तुकड्यांचं काहीतरी करून बघायचं होतं.

गॅरेजमध्ये दोघीच उरल्या. नणंद उजवीकडच्या शिडीवर चढली. "मोजा वहिनी," ती म्हणाली, आणि तोंड बाजूला करून सळई बसवली. खरंच आवाज आला नाही.

एक, दोन, तीन. तिची नजर नेहमी खांद्यावर असायची, आज ती मनगटावर खिळली. बारीक, घट्ट, न थकणारं मनगट. काय हात आहे तिचा. दहा. श्वास. आणि तिच्या तोंडून निघालं, "तेरा."

नणंदेने सळई ढकलली. ती ऐकत होती, मोजत नव्हती. पिळणाऱ्याने मोजायचं नाही, हा त्या घरचा नियम तिने मनापासून पाळला होता.

चौदा, पंधरा. चूक झाली, हे तिला सोळाव्या आकड्याला कळलं. 'थांबा वन्सं' एवढंच म्हणायचं होतं. जीभ तो शब्द घेऊन उभी राहिली आणि पुढे सरकलीच नाही. दार बसेल, तिच्या मनात आलं. ते म्हणतील, हिला जमलं नाही. वीस. श्वास. तो जरा लांबला. आणि या वेळी शांतपणे, समजून उमजून, ती म्हणाली, "तेवीस."

दोनदा दोन. अख्खी एक फेरी तिने गिळली.

तिसाला नणंदेने हात थांबवले, स्क्रू आवळले आणि खाली उतरली. वहिनी मोजत असताना रेघ बघायची तिला गरज वाटली नाही.

नवरा आला, पकड काढली, दार कमरेइतकं उचललं आणि सोडलं. दार क्षणभर विचारात पडलं, मग संथपणे, पेंगलेल्या माणसाची मान खाली यावी तसं, खाली आलं आणि जमिनीवर बसलं.

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "नापास?"

नवऱ्याने वर बघितलं, डाव्या स्प्रिंगवर, मग उजवीवर. बायकोच्या मोजणीवर शंका घेण्याचा त्याला सरावच नव्हता. "स्क्रू सैल ठेवलास," तो बहिणीला म्हणाला. "घसरली स्प्रिंग. कितीदा सांगितलं तुला, बोट दुखेपर्यंत आवळायचा! लक्ष कुठे असतं गं तुझं? लहानपणापासून हेच. खुळी ती खुळीच!"

नणंदेचे कान लाल झाले. ती शिडी चढली. स्क्रू घसरला तर दांड्यावर त्याचा ओरखडा उठतो. तिने दांड्यावरून बोट फिरवलं, आणि खालून बघणाऱ्या वहिनीला कळलं, की दांडा गुळगुळीत आहे. मग नणंदेची नजर पांढऱ्या वेढ्यांवरून हळूहळू सरकली. सहा. साडेसहा. तिने मान वळवून खाली, सरळ वहिनीच्या डोळ्यांत बघितलं.

"हो दादा," ती म्हणाली. "माझाच हात सैल पडला."

जे हवं होतं ते मिळालं होतं. पण हेव्याचं पोट असं भरत नाही. तिच्या मनात आलं, मला कधी म्हणाले का हे, खुळी म्हणून? माझ्यावर कधी असे हक्काने ओरडले? आणि ही, ही माझ्यासाठी खोटं बोलतेय. शिडीवर उभी राहून, वरून. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे! याच विचाराने ती पेटून उठली आणि बोलून गेली, "स्क्रू नाही सैल. मी चार आकडे गाळले."

"गाळले म्हणजे?"

"पहिले दोन चुकून. पुढचे दोन मुद्दाम."

मास्तरांनी एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. नवरा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग परवडला असता. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसा तो चेहरा होता.

त्याने पकड पुन्हा रुळाला लावली. "मोज," तो म्हणाला. "सत्तावीसपासून."

"सत्तावीस," ती म्हणाली. वर सळई बसली. "अठ्ठावीस. एकोणतीस. तीस."

दार थांबलं.

परतीच्या वाटेत ती मागे पेटीवर बसली, कुणी सांगितलं नव्हतं. घराच्या वळणावर नवरा आरशात न बघता म्हणाला, "रेघेचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू होतीस म्हणून कधी मारली नाही. तू घरी बसलीस, तेव्हा हिला खडू दिला." जरा थांबून तो म्हणाला, "आता तू मोजलंस तरी मारावी लागेल."

"माराच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खडू तिनेच उचलला. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक दाराला नव्या स्प्रिंगांवर तीच रेघ ओढायची, सरळ, न थरथरता, आणि मग खाली उभी राहून मोजायची. पिळून झालं, की टॉर्च नणंदेच्या हातात द्यायची. "बघा वन्सं, साडेसात आहेत ना?" नणंद म्हणायची, "वहिनी, आता पुरे झालं की हो." ती म्हणायची, "बघा तुम्ही." नवऱ्याने त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही, खडूही पेटीतून काढून टाकला नाही.

हेवा गेला म्हणावं, तर तसं नव्हे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तिचा तर सुंभही नीट जळला नव्हता. गिऱ्हाइकांनी नणंदेचं कौतुक केलं, की ती अजूनही पदराशी चाळा करायची. बहीणभाऊ लहानपणीचं काही आठवून हसायला लागली, की तिला अचानक अवजारं पुसायची आठवण व्हायची. पण फोनवरचे निरोप ती आता पुरते सांगायची. "किती छान काम करतात, असं म्हणाल्या त्या," तोंड वाकडं करून का होईना, सांगायची. एकदा नवरा तापाने पडला, तेव्हा दोघी बायकाच गेल्या, अडीच तासांत जोडस्प्रिंगचं काम उरकून आल्या, आणि येताना वाक्य एकीने सुरू केलं, दुसरीने संपवलं. नवरा पांघरुणातून म्हणाला, "मजा आहे बुवा." तेव्हा ती इतकी हसली, की खोकला लागला.

पुढे दुसरा गुडघाही गेला, मग श्वास कमी पडू लागला, आणि ती घरीच राहू लागली. शेवटच्या दिवशी दुपारी दोघं कामाला निघाली, संध्याकाळी परतली तेव्हा ती खुर्चीत तशीच बसलेली होती, मान एका बाजूला कललेली. नवरा नंतर कुणी विचारलं तर सांगायचा, की निघताना ती त्याच्याशी काही बोललीच नाही, आणि हे सांगताना त्याचाच आवाज जरा दुखावलेला असायचा. बोलली ती नणंदेशी. व्हॅन सुरू झालेली, नणंद चपला घालत होती, तेव्हा आतून तिने हाक मारली होती.

"वन्सं, येताना दूध आणा हो, अर्धा लिटर पुरे. ह्यांना सांगू नका, हे विसरतील."